तळहातापुरती चरबी

माणसाच्या अंगात चरबी कुठे असते हे मला हातांनी माहीत आहे. तीस-बत्तीस वर्षं मी सिंदी मेघेतल्या आणि वर्ध्यातल्या बाळंतिणींची व त्यांच्या लेकरांची मालीश केली. शाळा चौथीपर्यंत झाली. चार माणसांत बोलायचं म्हटलं की माझा गळा बसतो. कामाच्या घरी बायका बोलायच्या आणि मी ऐकायची. हात चालले म्हणजे माझं बोलून झालं, असं मला वाटायचं. त्या सवयीपायी एका लेकराचा जीव जाता जाता राहिला. तोंडानं मी ते एकदाच सांगितलं, आणि तेही उशिरा. आता वहीत लिहिते. ही वही पेटीच्या तळाशी राहील. पुढे कधी नातीच्या हाती लागली तर लागली.

तिला कळावं म्हणून आधी कामाचं थोडं सांगते. न्हाणीत पाटावर बसायचं, पाय लांब करायचे, लेकरू नडग्यांवर घ्यायचं. कोमट तेल, मग बेसन-हळद, मग पाणी, शेवटी ओव्याची धुरी आणि घट्ट गुंडाळणं. हे सगळ्याच करतात. माझी एक पद्धत वेगळी होती. पहिल्या दिवशी मी तेल न लावता लेकराच्या अंगावरून कोरडा हात फिरवायची. मानेपासून टाचेपर्यंत, सावकाश, डोळे मिटून. बायका हसायच्या. "मावशी शर्ट शिवाले माप घेऊन राह्यली वं," म्हणायच्या.

पण त्या एका फेऱ्यात मला पुष्कळ कळायचं. कातडीखाली एक थर असतो, तो बोटांखाली सरकतो, ओल्या साबणासारखा. तो जाड असला की लेकरू शांत झोपतं. नव्या लेकराच्या पाठीवर, खांद्याच्या दोन पात्यांच्या मध्ये, एक जागा बाकी अंगापेक्षा गरम लागते. तिथे निराळी चरबी असते, असं मला फार पुढे डॉक्टरांकडून कळलं. ती साठून राहत नाही, जळते, आणि लेकराला ऊब देते, कारण त्याला अजून थंडीनं कुडकुडता येत नाही. कमी दिवसांच्या लेकराच्या पाठीवर ती जागा थंड लागायची. अशी लेकरं मी दुपारच्या उन्हाशिवाय कधी उघडी केली नाहीत. कारण माहीत नव्हतं, हाताला माहीत होतं.

मोठ्या बायकांचंही तसंच. कंबर-मांड्यांची चरबी मऊ असते, चिमटीत येते. ती फारशी त्रास देत नाही. पण पोटाच्या आत, आतड्यांभोवती जी साठते ती चिमटीत येत नाही, पोट नुसतं आतून भरल्यासारखं घट्ट लागतं. पुलगावची एक बाई कंबरेच्या मालिशीला यायची. हातपाय काड्यांसारखे आणि पोट असं घट्ट. मी एकदा हळूच म्हटलं, "साखर तपासून घेजो बाई."

"काऊन वं? माझ्या अंगावर चरबी हाय तरी कुठं?" असं म्हणून ती हसली. मी पुन्हा बोलले नाही. काही वर्षांनी ती भेटली तेव्हा तिच्या डाव्या पायाला दोन बोटं नव्हती. ती माझ्याशी नेहमीसारखीच हसून बोलली. मला मात्र तिच्या चपलेकडे पाहवेना.

आता माझ्या गर्वाचं. मी धरलेलं लेकरू सव्वा महिन्यात गुबगुबीत व्हायचं. मनगटाला दोरा बांधल्यासारखी वळी पडायची. मला ते माझ्या तेलाचं आणि माझ्या बोटाचं काम वाटायचं. बोटाचं म्हणजे असं, की न्हाऊ घालून झाल्यावर लेकराच्या जिभेवर साजूक तुपाचं एक बोट फिरवायचं. माझी आईही हेच काम करायची, तिनं तेच शिकवलं. त्या बोटाशिवाय न्हाणं पुरं झालं असं मला वाटायचंच नाही.

त्या लेकराची आई वर्षा. तिचं माहेर आमच्या गल्लीच्या टोकाला. समोर वडिलांचं किराणा दुकान, मागे तीन खोल्या, आणि सगळ्यात मागे कोठी, म्हणजे धान्याची खोली. वर्षाची आई लवकर गेली होती. वर्षाला दिलं तळेगावला, सख्ख्या आत्याच्या मुलाला. मामाच्या पोरीवर आत्याच्या मुलाचा हक्कच समजतात आमच्याकडे, आणि पोरगी परक्या घरी जात नाही याचा सगळ्यांना आनंद असतो. बाळंतपणाला आई नव्हती म्हणून इंदूआत्या, म्हणजे सासूच, तळेगावहून आली. तिचंही ते माहेर होतं. त्याच खोल्यांत ती लहानाची मोठी झाली होती.

मुलगी झाली. दहाव्या दिवशी मला बोलावणं आलं. मी पाटावर बसले, पोरीला घेतलं, डोळे मिटले आणि मानेवरून हात खाली आणला.

हाताखाली काहीच सरकलं नाही. कातडी आणि तिला लागून सरळ मांस. दंडाला घट्ट गाठ, पोटरीला गाठ. मी डोळे उघडले. पोटावर पैलवानासारख्या वळ्या आणि त्यांवरून फिरणाऱ्या हिरव्या शिरा. पाठीवर दोन पात्यांच्या मध्ये बोट ठेवलं, तिथे ऊब नव्हती. उपाशी लेकरं मी धरलेली होती. त्यांची कातडी लोंबते, ती मरगळलेली असतात, आणि तरीही गालातला गोळा शेवटपर्यंत राहतो. हिच्या गालांत खड्डे होते, पण अंग वजनदार आणि ताठ होतं. तिनं माझं बोट धरलं ते मला सोडवेना. मग मी तिची मूठ उघडली. तळहात मऊ. तळपायही मऊ, दुसऱ्या कोणत्याही लेकरासारखे. जणू हात-पाय एका लेकराचे आणि मधलं अंग भलत्याच कोणाचं. ती माझ्याकडे टक लावून पाहत होती. दहा दिवसांचं लेकरू असं पाहत नाही.

मी मान वर केली. न्हाणीच्या दारात इंदूआत्या उभी होती, आणि तिची नजर नातीवर नव्हती. ती माझ्या हातांकडे पाहत होती.

"काय लागलं हाताले?" तिनं विचारलं.

"काई नाई," मी म्हटलं.

ती वळून गेली. मी तेल लावलं, न्हाऊ घातलं, आणि जिभेवर एकाऐवजी दोन बोटं तूप फिरवलं.

पोरीचं नाव ठेवलं खुशी. खुशी दूध प्यायची आणि संपलं की रडायची. वर्षा सुकत चालली. शेजारच्या बायका पाहायला यायच्या आणि दारातूनच परत जायच्या. एक जण माझ्या कानाशी म्हणाली, "लेकरू नाई वं ते. म्हातारी येऊन बसली पाळन्यात." दुसरी म्हणाली, "पोट्टी मायले पिऊन टाकून राह्यली." वर्षाच्या कानावर ते जात होतं. ती खुशीला दुपट्यात गळ्यापर्यंत गुंडाळून ठेवायची, भर मे महिन्यातही, म्हणजे कोणाला दंड दिसू नयेत.

पाचव्या महिन्यात पोरीचं पोट टोपलीसारखं पुढे आलं. मानेच्या वळीत काळा पट्टा दिसायला लागला.

"मावशी, मान घासत नाई का तू तिची?" वर्षा चिडून म्हणाली.

मी घासली. बेसनानं घासली, दुधाच्या सायीनं घासली. मान लाल झाली पण काळं गेलं नाही. हात लावला तर ते मखमलीसारखं लागायचं. तो मळ नव्हताच.

लस द्यायला येणाऱ्या सिस्टरनं खुशीचं पोट चाचपलं आणि त्याच दिवशी मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी लिहून दिली. वर्षा मलाही घेऊन गेली. म्हणाली, "मले सांगता येत नाई मावशी, तुझ्या हाताले माहीत हाय." तिथे मला विचारलं असतं तर मी किती बोलले असते कोण जाणे. पण लहान मुलांच्या डॉक्टर मॅडमनी कोणाला काही विचारायच्या आधी खुशीचं अंग उघडं केलं आणि डोळे अर्धवट मिटून तिच्या मांडीवरून हात फिरवला. अगदी माझ्यासारखा. त्यांचाही हात थांबला, आणि मग त्यांनी तिचे तळहात उघडून पाहिले. मला त्या क्षणी उगीच धीर आला.

तपासण्या झाल्या. आजाराचं नाव लांबलचक इंग्रजी आहे, मला ते म्हणता येत नाही. मॅडमनी वर्षाला विचारलं, "तुमच्या घरी दुकान आहे ना? माल आला की कुठे ठेवता?"

"कोठीत."

"आणि कोठीच नसली तर?"

"मंग रस्त्यावर पडंल, बोळात पडंल. जागा मिळंल तिथं."

"चरबी म्हणजे शरीराची कोठी. खाल्लेलं जास्तीचं तिथे रचून ठेवतात, लागेल तसं काढतात. तुमच्या मुलीला जन्मापासून ती कोठीच नाही. हाताच्या, पायाच्या तळव्यांत गादीपुरती आहे, बाकी नाही. मग आलेला माल कुठे जाणार? यकृतात जातो, म्हणून पोट मोठं. रक्तात फिरत राहतो. पुढे साखरेचा आजारही होऊ शकतो, जाड माणसाला होतो तसाच." मग त्यांनी खुशीच्या डोक्यावर हात ठेवला. "आणि चरबी नुसती साठवत नाही. ती डोक्याला निरोप पाठवते, की पुरेसं आहे, आता थांब. हिच्याकडे निरोप पाठवणारं कोणी नाही. म्हणून हिला कितीही दिलं तरी भूक लागलेलीच राहणार."

खुशी टेबलावर पडून मॅडमच्या गळ्यातली नळी चघळत होती.

मॅडमनी नवरा-बायकोचं नातं विचारलं. जवळच्या नात्यात लग्न झालं की असे आजार वर येतात, म्हणाल्या. आई आणि बाप दोघांकडूनही एकेक खोट आली, तरच हे होतं. "घरात पूर्वी असं मूल होतं का कोणी?"

"नाई," इंदूआत्या म्हणाली. मॅडमचं वाक्य पुरं व्हायच्या आत म्हणाली.

औषध म्हणून परदेशात एक सुई निघाली आहे, पण ती आपल्याकडे सहज मिळत नाही, असं कळलं. इथे आपल्या हाती एकच होतं. तेल नाही, तूप नाही, लोणी-साय नाही. दूध वेगळं, डबाबंद. वरण-भाजी-भाकरी मापून. मी धीर करून विचारलं, "मॅडम, माझं तेल?"

"अंगाला लावा मावशी, काही हरकत नाही. तेलानं मूल जाडही होत नाही आणि बारीकही होत नाही."

त्यांनी ते प्रेमानं सांगितलं. पण माझी एवढ्या वर्षांची गुबगुबीत लेकरं त्या एका वाक्यात माझ्या हातून निघून आपापल्या आयांकडे गेली.

वर्षानं मॅडमचं बोलणं देवाच्या शब्दासारखं पाळलं. ती तळेगावला गेलीच नाही. दवाखाना जवळ म्हणून इथेच राहिली, आणि इंदूआत्याही राहिली. फोडणी बंद. तुपाची बरणी माळ्यावर. पण भुकेलं लेकरू घरात असणं काय असतं ते ज्यानं पाहिलं नाही त्याला सांगता येणार नाही. खुशी रडायची ते हट्टाचं रडणं नव्हतं. ती हळू आवाजात, न थांबता, एकाच सुरात कण्हायची. दळण दळल्यासारखं. जेवण झाल्या झाल्या सुरू करायची आणि पुढच्या जेवणापर्यंत चालवायची.

चालायला लागली तशी ती दिवसभर एकाच जागी सापडायची. कोठीच्या बंद दाराशी. भर दुपारी दुकान मिटलेलं, सगळे आडवे झालेले, आणि ही दाराशी बसून फळीवर नखं ओढते आहे. मी एकदा तिला उचलायला वाकले. तिच्या डोक्याच्या उंचीवर, हिरव्या रंगाखाली, फळीवर खूप ओरखडे होते. बारीक, उभे, एकाशेजारी एक. रंग त्यांच्यावरून दिलेला होता आणि रंग स्वतःच फार जुना होता. खुशीची नखं अजून तेवढी कडकही नव्हती. ती त्या जुन्या ओरखड्यांमध्ये बोट घालून खाली ओढत होती, नीट, जशी अक्षरं गिरवतात.

माझ्या मागून इंदूआत्या आली. तिचा चेहरा पिठासारखा झाला. तिनं खुशीला माझ्या हातातून ओढून घेतलं आणि म्हणाली, "तिथं बसू नको देत जाऊ तिले." दुसऱ्या दिवशी त्या दाराला पडदा लागला. खुशी पडद्याच्या आत जाऊन बसायची. बाहेरून फक्त आवाज यायचा.

मी मॅडमच्या सांगण्यावर विश्वास ठेवला नाही असं नाही. कोठीचं मला पटलं होतं. पण न्हाऊ घालून झालं, पोरीला पुसलं, की माझं बोट आपोआप कमरेला खोचलेल्या तुपाच्या डबीकडे जायचं. एक बोट. एवढ्यानं काय होतं? खुशी ते बोट दोन्ही हातांनी धरायची, आणि तेवढा वेळ तिचं कण्हणं थांबायचं. मला ते थांबलेलं हवं असायचं. वर्षा स्वयंपाकघरात वाटी-वाटी मोजत असायची आणि मी न्हाणीत, वाफेत, पाठ वळवून तिचं लेकरू चोरत होते. रोज. दीड वर्ष.

खुशी दोन वर्षांची झाली त्या सुमारास एका सकाळी मला धावत बोलावलं. पोर पोट धरून वाकडी झाली होती, उलट्या करत होती. पोटाला हात लावला तर फळी. दवाखान्यात सिस्टरनं रक्त काढलं. नळीत आलं ते रक्तासारखं नव्हतंच, दुधात कुंकू कालवल्यासारखं होतं. सिस्टरनं नळी लाकडी घोडीत उभी केली आणि ती दुसऱ्या कामाला गेली. मी तिथेच बाकावर होते. हळूहळू, माझ्या डोळ्यांदेखत, लाल खाली बसत गेलं आणि वर पांढरं राहिलं. घट्ट, सायीसारखं. दोन बोटं भरेल एवढं.

मॅडम आल्या. स्वादुपिंडाला सूज आहे म्हणाल्या. रक्तात चरबी फार झाली की ती येते, आणि लहान मुलाला ती झेपत नाही. मग वर्षाकडे वळल्या. "मी किती वेळा सांगितलं होतं? हिला तेल-तूप दिलेलं आहे."

"नाई मॅडम. पोट्टीची शपथ, नाई दिलं मी."

तोवर वर्षाचा नवरा तळेगावहून पोचला होता. मोटरसायकलवरून आलेला, चेहऱ्यावर धूळ तशीच. तो बायकोला म्हणाला, "घरात तुयाशिवाय तिले खायाले देते कोन? आमाले सांगते मापून देतो, आन् मागून कोंबून राह्यली! पोट्टी वाचली तर मी तिले तळेगावले नेतो. माझी माय पाहील तिचं. तू राय आपल्या बापाजवळ."

वर्षानं आत्याकडे पाहिलं. आत्या भिंतीकडे तोंड करून उभी होती. मग वर्षानं माझ्याकडे पाहिलं, सहजच, काही मागायला नाही. तिला माहीतच नव्हतं की माझ्याकडे काही आहे.

मी उठले, घोडीतल्या नळीकडे बोट केलं आणि म्हटलं, "ते माझं हाय."

कोणाला कळलं नाही. मला पुन्हा बोलावं लागलं. "तूप मी देत होती. न्हाणीत. रोज एक बोट. वर्षाले माहीत नाई."

नवरा माझ्याकडे पाहत राहिला. वर्षाचा हात वर आला, मला वाटलं मारणार. तो तिनं स्वतःच्या तोंडावर ठेवला. मॅडम म्हणाल्या, "चुकलंच मावशी तुमचं. पण एका बोटानं एवढं होत नाही. आणखी कोणीतरी देत होतं."

तेव्हा भिंतीकडून आवाज आला. "वाटीनं देत होती मी."

इंदूआत्या खाली फरशीवर बसली. पोराकडे नाही, सुनेकडे नाही, मॅडमच्या पायांकडे पाहत बोलली. "बबी होती. माझ्या पाठची. अशीच. अश्शीच होती मॅडम, दंड असे, पोट असं. पीठ खाये, कच्ची डाळ खाये. अंगात दुसरंच कोनी बसून खाते म्हने एक बाबा. उपाशी ठेवा म्हने, म्हंजे निघून जाईल. मायनं कोठीले कुलूप लावलं. बबी दाराशी बसून नखं ओढे दिवसभर. मी पाच वर्षांनं मोठी, मी आतमधी निजलेली राहो आन् आयकत राहो. सात वर्षांची होऊन गेली ती. दार तसंच राह्यलं." मग तिनं मान वर केली. "तुमी म्हटलं मापून द्या. मले त्या बाबाचाच आवाज आयकू आला."

मॅडम तिच्यासमोर खाली बसल्या. "तुमच्या बहिणीला उपाशी ठेवलं, आजी. हिला आपण उपाशी ठेवत नाही. हिला कोठी नाही, म्हणून हातात मावेल तेवढंच एका वेळी द्यायचं. पण रोज द्यायचं. आणि तूप नाही."

खुशी वाचली. काही दिवस सलाइनवर होती, तोंडानं काहीच नाही. मग पेज. तिचा बाप तिला घेऊन गेला नाही. जाताना त्यानं फक्त बायकोची पिशवी उचलून तिच्या हातात दिली. इंदूआत्यानं घरी आल्यावर सुतार बोलावून कोठीचं दार काढून टाकलं आणि माल दुकानाच्या पोटमाळ्यावर चढवला. त्या खोलीत आता खुशीची खाट आहे.

मला दोन महिने बोलावणं नव्हतं. मी त्या टोकाला जायचंच टाळायची. एके दिवशी भाजीच्या गाड्यापाशी वर्षा समोर आली. वांगी निवडता निवडता, माझ्याकडे न पाहता म्हणाली, "मावशी, सकाळी येजो. पन हात धुऊन येजो."

तेव्हापासून मी कोणत्याच लेकराला तुपाचं बोट दिलं नाही. ज्यांना देऊन काही बिघडलं नसतं त्यांनाही नाही. न्हाणं झालं की बोट अजूनही उठतं, हवेत थांबतं, आणि मी ते पदराला पुसते.

खुशी आता नऊ वर्षांची आहे. उंच आहे, केस दाट आहेत, पायांच्या शिरा पाहून शाळेतली पोरं तिला पैलवान म्हणतात आणि ती त्यांना खरोखर पाडते. साखर वाढली आहे, गोळ्या चालू आहेत. आत्या तिचं ताट बिनतेलाचं करते, आणि ते इतकं चविष्ट कसं करते हे मला अजून कळलेलं नाही. कण्हणं बंद झालं. भूक गेलेली नाही, तिनं तिच्याबरोबर राहायचं शिकून घेतलं आहे. गुडघ्यांमुळे मी आता लांबची कामं घेत नाही. गल्लीतलं एखादं लेकरू धरते, आणि सुट्टी असली की खुशी तिथे येऊन बसते.

गेल्या महिन्यात शेजारच्या घरी तीन महिन्यांची मुलगी होती, चांगली भरलेली. न्हाणं झालं, आईनं पाजायला घेतलं. खुशी समोर मांडी घालून बारकाईनं पाहत होती. दूध पीत पीत लेकराची मान सैल पडली, तोंड सुटलं, ओठाच्या कोपऱ्यातून एक थेंब ओघळला.

"मावशी, तिनं दूध काऊन सोडलं? हाय ना अजून."

"पोट भरलं तिचं."

"कोनं सांगितलं तिले?"

लेकराच्या आईला हसू आलं. मला आलं नाही. मी झोपलेलं लेकरू मांडीवर घेतलं, खुशीचा हात धरला आणि लेकराच्या मांडीच्या वळीवर ठेवला. त्या हाताचा तळवा अजून तसाच मऊ आहे.

"यानं सांगितलं," मी म्हटलं.

तिनं ती वळी दोन बोटांत धरून पाहिली. सोडली, पुन्हा धरली. मग ती खाली वाकली, केस मागे सारले आणि लेकराच्या मांडीला कान लावला. डोळे मिटले. बाहेर भंगारवाला ओरडत गेला, कुठेतरी कुकरची शिट्टी झाली. ती हलली नाही. मला राहवेना.

"खुशे, उठ आता. उठंल ते."

"गप ना मावशी," ती म्हणाली. "आयकू दे."